पुरळ दिसतं तेव्हा गोवर शेजारी पोहोचलेला असतो

या महिन्यात तापाची आणि पुरळाची पत्रं एकदम वाढली, म्हणून बाकीचे विषय बाजूला ठेवून फक्त गोवरावर लिहिते आहे. मुंबईच्या पूर्व उपनगरातल्या पालिकेच्या दवाखान्यांत माझी नोकरीची बहुतेक वर्षं गेली. २०२२ची साथ मी तिथेच पाहिली. त्यामुळे काही उत्तरं लांबली आहेत.

प्रश्न : डॉक्टरताई, माझा नातू सव्वा वर्षाचा आहे. चार दिवस ताप आहे. नाक वाहतं, खोकला आहे, डोळे लाल झालेत, उजेडाकडे बघत नाही. आज कानामागे आणि कपाळाच्या कडेला बारीक लाल पुरळ उठलं. शेजारच्या मावशी म्हणतात, देवी आली आहे, दवाखान्यात नेलं तर कोपते, औषध दिलं की गोवर आत दबतो. अंघोळ घालू नका, उशाशी कडुलिंबाचा पाला ठेवा, घरात फोडणी देऊ नका. सून नुसती रडते आहे. मी काय करू?
*एक आजी, मानखुर्द*

उत्तर : आजी, तुमचं पत्र आलं त्याच दिवशी संपादकांनी मला फोन केला आणि आपलं बोलणं झालं. बाळाला त्या संध्याकाळीच दवाखान्यात नेलंत, फार बरं केलंत. तुम्ही परवानगी दिलीत म्हणून बोललेलं सगळं इथे देते. अशा आज्या पुष्कळ आहेत.

तुम्ही जे लिहिलंत ते गोवराचं जवळजवळ पूर्ण चित्र आहे. आधी तीन-चार दिवस नुसता ताप. त्याच्या सोबतीला खोकला, वाहणारं नाक आणि लाल, पाणावलेले डोळे. घरातली माणसं म्हणतात सर्दी झाली, आणि ते स्वाभाविक आहे. याच दिवसांत डॉक्टरने बॅटरी घेऊन गालाची आतली बाजू पाहिली, तर दाढांसमोर लालसर भागावर मिठाच्या कणाएवढे पांढरट ठिपके दिसू शकतात. ते पुरळाच्या एक-दोन दिवस आधी येतात आणि लवकर जातात, म्हणून पुष्कळदा हुकतात. दिसले तर मात्र निदान तिथेच होतं.

मग पुरळ येतं, आणि ते ठरलेल्या वाटेने येतं. केसांच्या कडेला आणि कानामागे सुरुवात, तिथून चेहरा, मान, छाती-पाठ, हात, शेवटी पाय. पुरळ उठताना ताप सगळ्यात जास्त चढतो, १०४ पर्यंत जातो. सावळ्या अंगावर लाली नीट दिसत नाही, तेव्हा तळहात फिरवून पाहावा, त्वचा खरखरीत लागते. पाच-सहा दिवसांत पुरळ ज्या क्रमाने आलं त्याच क्रमाने मावळतं, मागे तपकिरी डाग राहतात आणि कोंड्यासारखी साल निघते. कांजण्यांचं वेगळं असतं. त्यात पाण्याने भरलेले फोड येतात आणि नवे-जुने फोड एकाच वेळी दिसतात.

आता मावशींच्या सांगण्याबद्दल. कडुलिंबाचा पाला उशाशी ठेवायला माझी काहीच हरकत नाही. देवीला हात जोडायलाही नाही. पण गोवर 'आत दबतो' हे खरं नाही. पुरळ मावळू लागल्यावरही ताप राहिला, किंवा पुरळ उठून तीन-चार दिवस झाले तरी उतरला नाही, तर त्याचा अर्थ छातीत न्यूमोनिया किंवा कानात पू अशी दुसरी भानगड सुरू झाली आहे. जुन्या बायकांनी हेच पाहिलं होतं, पुरळ गेलं आणि मूल गेलं, आणि त्याचा दोष औषधाला दिला. गोवराने दगावणाऱ्या मुलांत सगळ्यात जास्त मुलं न्यूमोनियाने जातात, आणि न्यूमोनियावर वेळेत उपचार आहेत.

म्हणून बाळाचा श्वास मोजा. मूल शांत असताना, घड्याळ समोर धरून, पूर्ण एक मिनिट. वर्षाच्या आतल्या बाळाचे (दोन महिन्यांवरचं असेल तर) ५० किंवा जास्त, आणि एक ते पाच वर्षांच्या मुलाचे ४० किंवा जास्त श्वास झाले, किंवा श्वास घेताना बरगड्यांखाली खड्डा पडू लागला, तर त्याच क्षणी रुग्णालय. मूल पीत नसेल, सगळं उलटून टाकत असेल, झटका आला, गुंगीत असेल, तोंड आतून सोलवटलं असेल, बुबुळावर पांढुरकं आलं असेल तरीही तेच.

गोवराच्या विषाणूवर थेट औषध नाही. पण जीवनसत्त्व 'अ' आहे, आणि ते प्रत्येक गोवराच्या मुलाला मिळालंच पाहिजे. वर्षावरच्या मुलाला दोन लाख युनिट, सहा ते अकरा महिन्यांच्या बाळाला एक लाख, त्याहून लहानाला पन्नास हजार. निदान झालं त्या दिवशी एक मात्रा, दुसऱ्या दिवशी तेवढीच दुसरी. डोळ्यांत दोष दिसला असेल तर चार ते सहा आठवड्यांनी तिसरी. गोवर शरीरातला 'अ'चा साठा उपसून टाकतो, त्यातून बुबुळाला जखम होते आणि मूल आंधळं होऊ शकतं. चमच्याभर औषधाने टळणारं आंधळेपण मी पाहिलं आहे, म्हणून आग्रहाने सांगते: दुसऱ्या दिवशीची मात्रा चुकवू नका. घरी आणून देऊ नका, दवाखान्यातच घ्या, कारण जास्तही चालत नाही.

बाकी कोमट पाण्याने अंग पुसा, अंघोळ घातली तरी चालते. डोळ्यांत काजळ नको, पाल्याचा रस नको. अंगावरचं दूध पीत असेल तर पाजत राहा. वरणभात, खिचडी, केळं, थोडं थोडं पण वारंवार. फोडणी बंद करून मुलाला नुसत्या पेजेवर ठेवलं की आजारातून उठायची ताकदच राहत नाही. आणि पुरळ गेलं म्हणजे सुटलो, असं धरू नका. गोवर शरीराची आधी कमावलेली बरीचशी प्रतिकारशक्ती पुसून टाकतो, त्यामुळे पुढचे काही महिने जुलाब आणि छातीचे आजार सहज पकडतात. दर महिन्याला अंगणवाडीत वजन करत राहा.

प्रश्न : मुलीला नवव्या महिन्यात गोवराची लस दिली होती. दुसरा डोस होता तेव्हा आम्ही गावी होतो, राहून गेला. आता ती सव्वातीन वर्षांची आहे. उशीर झाला म्हणून पुन्हा पहिल्यापासून द्यावी लागेल का? एक डोस झालाय तर तेवढा पुरत नाही का?
*एक वडील, डोंबिवली*

उत्तर : पहिल्यापासून नको. राहिलेला दुसरा डोस उद्याच जाऊन घ्या. सरकारी केंद्रात पाच वर्षांपर्यंत मिळतो, आणि मोफत.

एक डोस पुरत नाही, कारण नवव्या महिन्यात बाळाच्या रक्तात आईकडून आलेली थोडी प्रतिद्रव्यं शिल्लक असतात आणि ती लसीला नीट रुजू देत नाहीत. त्या वयात दिलेला डोस शंभरातल्या साधारण ८५ मुलांत लागू पडतो. तुमच्या मुलीत पडला की नाही, हे बाहेरून कळत नाही. सोळा ते चोवीस महिन्यांच्या दरम्यानचा दुसरा डोस त्या उरलेल्या पंधरांसाठी असतो. ताप, सर्दी, किरकोळ जुलाब असले तरी लस देता येते. 'बरी झाली की नेऊ' असं म्हणता म्हणता वर्ष जातं.

लशीनंतर पाच ते बारा दिवसांच्या आत थोडा ताप, क्वचित फिकट पुरळ येऊ शकतं. ते दोन दिवसांत जातं.

प्रश्न : ताई, मी मालेगावात आशा आहे. २०२२मध्ये मुंबईबरोबर आमच्याकडेही गोवर आला होता. मुंबईसारख्या शहरात तो आटोक्यात कसा आणला? आणि आमच्या वस्तीत पुन्हा पुरळाची मुलं दिसली तर पहिल्या आठवड्यात काय करायचं? काही घरं दारच उघडत नाहीत.
*एक आशा सेविका, मालेगाव*

उत्तर : तुमच्या पत्राने मला फार आनंद झाला, कारण हा प्रश्न तुम्हीच विचारायला हवा होता. साथ शेवटी तुमच्या हातांनी आटोक्यात येते.

ऑक्टोबर २०२२च्या शेवटी गोवंडीच्या रफी नगरमध्ये, देवनारच्या डम्पिंग ग्राउंडला लागून असलेल्या वस्तीत, एकाच कुटुंबातली तीन मुलं दोन-तीन दिवसांत गेली. तिथून सगळ्यांचं लक्ष गेलं. केंद्राचं पथक आलं. पाहता पाहता कुर्ला, धारावी, वडाळा, मालाडची मालवणी इथेही रुग्ण सापडू लागले, भिवंडी आणि मालेगावातही. पण विषाणू ऑक्टोबरात आला नव्हता. तो आधीपासून गल्ल्यांत फिरत होता, मुलं न्यूमोनियाने दाखल होत होती आणि पुरळाकडे कोणी पाहिलं नव्हतं.

गोवराचा स्वभाव असा की पुरळ उठायच्या चार दिवस आधीपासून मूल संसर्ग देत असतं, आणि नंतरही चार दिवस. विषाणू हवेतून जातो. गोवर असलेलं मूल खोलीतून निघून गेलं तरी पुढे दोन तासांपर्यंत तो तिथल्या हवेत राहू शकतो. लस न घेतलेल्या लोकांत एक रुग्ण बारा ते अठरा जणांना देतो. दहा बाय दहाच्या खोलीत सात-आठ माणसं, वर पोटमाळ्यावर आणखी एक बिऱ्हाड, मधे खिडकी नाही, अशा ठिकाणी रुग्ण वेगळा ठेवून साथ थांबेल हे शक्य नाही. पुरळ दिसतं तेव्हा विषाणू चार दिवस पुढे गेलेला असतो. कस्तुरबा रुग्णालयात खाटा वाढवल्या, गोवंडीतही सोय केली, त्याने जीव वाचले आणि ते आवश्यकच होतं. साथ मात्र लसीने थांबली.

एवढी मुलं उघडी, म्हणजे लसीच्या संरक्षणाविना, कशी राहिली, याचं गणित तुम्ही तुमच्या वस्तीसाठी करून पाहा. शंभरातल्या नव्वद मुलांना पहिला डोस दिला तर आपण समाधानी असतो. नव्वदचे ८५ टक्के म्हणजे ७६. चोवीस मुलं उघडीच राहिली. दुसऱ्या डोसाला निम्मीच आली, तर त्या चोवीसांतली बरीचशी उघडीच राहतात. दर वर्षी जन्मणाऱ्या मुलांतली अशी उघडी मुलं साठत जातात, आणि गोवर थोपवायला तर शंभरात पंच्याण्णव सुरक्षित लागतात. त्यात २०२० आणि २०२१मध्ये कोविडमुळे लसीकरणाची सत्रं अनेकदा बंद राहिली, माणसं उत्तर प्रदेश-बिहारला गावी गेली आणि परतली तेव्हा बाळाचं कार्ड हरवलेलं होतं. साठा तयार होता.

मला सर्वात जास्त बोचतं ते एक कारण वेगळंच आहे. लस कुपीत पाच किंवा दहा मुलांची असते, आणि एकदा द्रावण मिसळलं की चार तासांत वापरावी लागते, उरलेली फेकावी लागते. एकच मूल आलं तर 'गुरुवारी या, तेव्हा मुलं जमतील' असं सांगितलं जातं. धुणीभांडी करणारी आई गुरुवारी परत येत नाही, तिचा दिवसाचा पगार बुडतो. एका मुलासाठीसुद्धा कुपी उघडा, अशीच सूचना आहे. वाया गेलेल्या लसीची किंमत एका न्यूमोनियाच्या खाटेपुढे काहीच नाही. तुमच्या केंद्रात कोणी परत पाठवत असेल तर वैद्यकीय अधिकाऱ्यांना नम्रपणे पण स्पष्ट सांगा.

२०२२च्या नोव्हेंबरात केंद्राने सांगितलं की साथीच्या भागात नऊ महिने ते पाच वर्षांच्या सगळ्या मुलांना, आधी डोस झाले असले तरी, एक जादा डोस द्या. जिथे रुग्णांतली दहा टक्क्यांहून जास्त मुलं नऊ महिन्यांच्या आतली आहेत, तिथे सहा महिन्यांपासूनच द्या. सहा महिन्यांचा तो डोस मोजायचा नाही, नववा महिना आणि सोळावा महिना ठरल्याप्रमाणे घ्यायचेच. जादा डोस का, हे आयांना मी असं सांगायचे: 'कोणात लस रुजली आणि कोणात नाही, हे तपासत बसायला वेळ नाही, रुजलेल्याला जादा डोसाने अपाय नाही.' हे बहुतेकींना पटायचं.

आता तुमचा पहिला आठवडा. एका ब्लॉकमध्ये चार आठवड्यांत पाच संशयित रुग्ण झाले की साथ धरतात, पण तुम्ही पाचव्याची वाट पाहू नका. पहिलं मूल दिसलं त्याच दिवशी कळवा. रक्ताचा नमुना सुरुवातीच्या काही मुलांचाच लागतो. एकदा गोवर सिद्ध झाला की त्यांच्या संपर्कातलं पुरळाचं मूल तपासणीशिवाय गोवराचंच धरतात, म्हणून अहवाल यायचाय या कारणासाठी 'अ' जीवनसत्त्व अडवून ठेवू नये. वहीत प्रत्येक घराचं लिहा: पाच वर्षांखालची मुलं किती, कार्ड आहे का, पहिला-दुसरा डोस, गेल्या महिन्यात कोणाला ताप-पुरळ होतं का, घरात कोणी गरोदर आहे का. 'गोवर आहे का' असं विचारू नका, लोक नाही म्हणतात. 'ताप येऊन अंगावर काही उठलं का' असं विचारा. कार्ड नसेल आणि आईला आठवत नसेल तर डोस झाला नाही असं धरा. संपर्कात आलेल्या मुलाला ७२ तासांत लस मिळाली तर त्याचा आजार टळू शकतो, म्हणून ज्या घरात रुग्ण सापडला त्याच्या शेजारच्या खोल्यांपासून सुरुवात करा. वस्तीतल्या खाजगी डॉक्टरांकडे स्वतः जाऊन या. पहिला ताप त्यांच्याकडेच जातो.

दार न उघडणाऱ्या घरांबद्दल. तिथे अडाणीपणा असतो असं मला कधीच वाटलं नाही. त्या लोकांकडे पाणी आणायला कोणी येत नाही, गटार साफ करायला कोणी येत नाही, आणि लस घेऊन मात्र सगळे येतात, याचा त्यांना संशय येतो. लसीने पुढे मूल होत नाही ही अफवा मी गोवंडीत ऐकली, तुम्ही मालेगावात पोलिओच्या वेळी ऐकली असेल. तिला उत्तर वादाने मिळत नाही. आमच्याकडे मौलानांनी जुम्म्याच्या नमाजनंतर सांगितलं, मदरशात सत्र ठेवलं, आणि लस कामावरून आया परततात त्या वेळी, संध्याकाळी, ठेवली. लस पुण्याच्या सीरममध्ये बनते, हीच लस माझ्या घरच्या मुलांनी घेतली आहे, हे मी सांगत असे आणि कार्ड दाखवत असे. ज्या आईचं मूल गोवरातून उठलं, तिला सोबत घेऊन जा. तिच्या एका वाक्याने जे दार उघडतं ते आपल्या तासाभराच्या बोलण्याने उघडत नाही. आणि ज्या घरात मूल गेलं, तिथे पहिल्या भेटीत वही काढू नका. बसा.

नवे रुग्ण दिसेनासे झाले म्हणून वही मिटू नका. संसर्गापासून पुरळापर्यंत साधारण दोन आठवडे, कधी तीन आठवडेही लागतात. शेवटच्या रुग्णानंतर सहा आठवडे शोध चालू राहू दे.

प्रश्न : मला पाचवा महिना आहे. समोरच्या खोलीतल्या मुलाला गोवर निघाला आणि मी त्याला दोन दिवसांपूर्वी मांडीवर घेतलं होतं. मी लस घेऊ का?
*एक वाचक, धारावी*

उत्तर : नाही, आता लस घ्यायची नाही. गोवर-रुबेलाची लस जिवंत, दुबळ्या केलेल्या विषाणूची असते, गरोदरपणात देत नाहीत. पण थांबूही नका. आजच तुमच्या प्रसूती डॉक्टरांना भेटून सांगा. रक्ताच्या तपासणीत प्रतिकारशक्ती आहे का ते कळतं. तुम्हाला लहानपणी गोवर झाला असेल किंवा दोन्ही डोस झाले असतील तर चिंता फारशी नाही. नसेल, तर संपर्कानंतर सहा दिवसांच्या आत तयार प्रतिद्रव्यांचं इंजेक्शन देता येतं. म्हणून दिवस महत्त्वाचे आहेत. गरोदरपणात गोवर झाला तर आईला न्यूमोनिया आणि वेळेआधी प्रसूती यांचा धोका वाढतो. दवाखान्यात शिरताना दारातच सांगा, म्हणजे इतर गरोदर बायकांमध्ये तुम्हाला बसवणार नाहीत. बाळंतपणानंतर लस जरूर घ्या. अंगावर पाजत असतानाही चालते.

प्रश्न : आम्ही डॅलसला असतो. आठ महिन्यांच्या बाळाला घेऊन दोन महिन्यांसाठी पुण्याला येतोय, तिची पहिलीच भेट. इथे गोवराची लस बाराव्या महिन्यानंतर देतात. तिकडे गोवर आहे म्हणून सासूबाई येऊ नका म्हणतात.
*एक आई, टेक्सास*

उत्तर : सासूबाईंची काळजी खरी आहे, पण गोवर फक्त इकडचा राहिलेला नाही. अमेरिकेतून तो २००० साली हद्दपार झाल्याचं जाहीर झालं होतं, आणि २०२५मध्ये तुमच्याच राज्याच्या पश्चिम भागात मोठी साथ आली, मुलं दगावली. दोन्ही ठिकाणी कारण एकच, लस न घेतलेल्या मुलांचे गट.

तुम्ही या. परदेशी प्रवासाला निघणाऱ्या सहा ते अकरा महिन्यांच्या बाळांना एक आगाऊ डोस द्यावा असं तिकडच्या डॉक्टरांना सांगितलेलं आहे. निघण्याच्या किमान दोन आठवडे आधी घ्या. तो डोस मोजत नाहीत, म्हणून पहिल्या वाढदिवसानंतरचे दोन डोस घ्यावे लागतीलच. तुमचं आणि तुमच्या नवऱ्याचंही तपासून घ्या, तुमच्या लहानपणी भारतात सरकारी केंद्रात एकच डोस मिळत असे. दुसरा डोस देशभर त्यानंतर पुष्कळ वर्षांनी आला. बाळाच्या लसीच्या कागदाची एक प्रत हातातल्या बॅगेत ठेवा. इथे ताप आलाच तर पहिल्या डॉक्टरला तो कागद दाखवा, आणि विमानप्रवासाची तारीख न विचारताच सांगा.